नववा प्रश्न

आमच्या दवाखान्यातली तीन नंबरची खोली कायम गारठलेली असते. बाहेर टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओचा ऑगस्ट, चपलेला डांबर चिकटेल असं ऊन, आणि आत छताच्या जाळीतून थेट डोक्यावर पडणारा एसीचा झोत. मी इथे सोशल वर्कर आहे. त्या दिवशी एक फाइल द्यायला मी त्या खोलीशी गेले. दार अर्धवट उघडं होतं. आत नव्याने रुजू झालेले तरुण डॉक्टर होते. उत्तरेकडच्या राज्यातून आलेले, स्पॅनिशचा गंध नाही. समोर तिशी-पस्तिशीची बाई, हॉटेलच्या हाउसकीपिंगचा निळा टी-शर्ट अजून अंगात, म्हणजे कामाची पाळी संपवून तशीच आलेली. आणि दोघांच्या मधे, गोल स्टुलावर, दहा-अकरा वर्षांची तिची मुलगी. पाय जमिनीला टेकत नव्हते.

डॉक्टर पीएचक्यू-९, म्हणजे उदासी तपासायचा फॉर्म, वाचून दाखवत होते. ज्यांनी तो फॉर्म कधी भरलाय त्यांना तो आठवत असेल. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली का, भूक लागली का, कशात मन रमलं का, असे नऊ प्रश्न आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. त्याची स्पॅनिश प्रत आमच्याकडे आहे, पण बाईंना वाचायची फारशी सवय नव्हती. फोनवरच्या दुभाष्याची लाइन लागत नव्हती. नोंदणीच्या खिडकीपाशी रांग होती. डॉक्टरांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आधीच सांगते. मुलगी हुशार होती, चटचट बोलत होती, आणि वेळ पुढे सरकत होता. ती पाढे म्हणावेत तसा एकेक प्रश्न आईला सांगत होती आणि आईचं उत्तर डॉक्टरांना. सहावा झाला, सातवा झाला, आठवा झाला. नववा प्रश्न असा आहे की, आपण मेलेलं बरं किंवा स्वतःला काही इजा करावी असं मनात येतं का.

मुलगी थांबली. डॉक्टरांकडे बघितलं. मग आईकडे वळून म्हणाली, "मामी, तिएनेस फ्रीओ?"

आई, तुला थंडी वाजतेय का?

"नो, मिहा," आई म्हणाली. नाही गं बाळा. मुलीने डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, ती नाही म्हणतेय. डॉक्टरांनी शून्यावर खूण केली आणि पान उलटलं.

मला स्पॅनिश येतं. त्या एका क्षणी ते येत नसतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं आणि लगेच त्या वाटण्याची भीतीही वाटली. मी दारावर टकटक केलं, डॉक्टरांना दोन मिनिटं बाहेर बोलावलं, आणि खिडकीपाशी बसणाऱ्या तियाला हाक मारली. तियाने काहीही न विचारता मुलीला खाली कँटीनकडे नेलं, मशीनमधून ज्यूस काढायला. मग मी त्या स्टुलावर बसले. स्टूल अजून गरम होतं. मी बाईंना तोच नववा प्रश्न परत विचारला. त्यांनी काय सांगितलं ते त्यांचं आहे, ते इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की त्या दुपारी आम्ही घाईने घरी गेलो नाही, त्या बाईही नाही आणि आम्हीही नाही. मुलीला मात्र मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही की तिचं भाषांतर मी ऐकलं होतं. ते बरोबर केलं की चूक, याचा विचार मी अजून करते.

रात्री गाडी चालवत घरी येताना आजी आठवली. आमची आजी कराडजवळच्या गावातली. धाकटा काका विहिरीत गेला त्या वर्षी ती आमच्याकडे पुण्याला आली. विहिरीत गेला म्हणजे कसा गेला, हे घरात कुणी कधी पूर्ण वाक्यात बोललं नाही. आजी दिवसभर खिडकीत बसून असायची, भाकरीचा तुकडा ताटात तसाच, आणि विचारलं तर म्हणायची, "जिवाला थारा नाही बघ." वडिलांना सुट्टी नव्हती, आईला शाळा होती, म्हणून तिला दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी सातवीत होते. डॉक्टर अर्धं इंग्रजी अर्धं हिंदी बोलायचे, आणि आजीला त्यातलं काही कळायचं नाही. आजी सांगायची की काळजात कालवाकालव होते, हातापायातलं बळ गेलंय. मी सांगायचे, इनको कमजोरी लगती है. मग एकदा आजी म्हणाली, "त्यांना सांग, मी देवाला रोज म्हणते, उचल आता." मी डॉक्टरांकडे बघितलं आणि म्हटलं, इनको नींद नहीं आती. टॉनिकची बाटली मिळाली, लोहाच्या गोळ्या मिळाल्या, आणि परत येताना आजीने मला उसाचा रस पाजला. आलं-लिंबू घातलेला. पेल्याला बर्फाचं पाणी सुटलेलं आठवतं.

मी ते वाक्य का गिळलं? लाज वाटली म्हणून? की म्हातारी माणसं असं म्हणतातच, असं घरात ऐकलेलं होतं म्हणून? आजी त्यानंतर अकरा वर्षं जगली, तेव्हा काही घडलं असं नाही. पण ती अकरा वर्षं कशी जगली हे आम्ही तिला कधी विचारलं नाही.

तर तिया. स्पॅनिशमध्ये मावशी आणि आत्या या दोघींना हा एकच शब्द आहे, आणि आमच्या खिडकीतल्या बाईला पोरंसोरंच काय, सत्तरीचे आजोबाही तिया म्हणतात. वय सेहेचाळीस, आई-वडील सीमेपलीकडच्या कोआविलाचे, हिचा जन्म इथल्याच वेस्ट साइडचा. एकोणीस वर्षं त्या खिडकीत बसते. विम्याचे कागद, पुढच्या भेटीची तारीख, बसचा नंबर, हे तिचं कागदावरचं काम. खरं काम वेगळं आहे. कोण कुठल्या सुरात "बिएन, बिएन", म्हणजे बरं आहे, बरं आहे, म्हणालं, यावरून ती आत येऊन मला सांगते, "आज त्यांना आधी घे." दर वेळी तिचं खरं ठरतं असं नाही, पण बहुतेक वेळा ठरतं. ९८८ हा संकटकाळचा नंबर २०२२च्या जुलैत सुरू झाला आणि वर्षभराने त्यावर स्पॅनिशमध्ये मेसेजची सोय झाली. तेव्हा 'आयुदा' असं लिहून पाठवा, म्हणजे 'मदत', अशी चिठ्ठी तिने स्वतः लिहून बायकांच्या बाथरूमच्या दाराला आतून चिकटवली. बाहेरच्या भिंतीवर नाही. का, असं मी विचारलं तर म्हणाली, तिथे वाचताना कुणी बघत नाही.

मी स्पॅनिश शिकले ती कम्युनिटी कॉलेजातल्या दोन वर्गांत आणि त्यानंतरची आठ वर्षं तियाकडून. रंगामुळे किराणा दुकानात लोक माझ्याशी थेट स्पॅनिशमध्येच बोलतात, त्यामुळे सराव आपोआप झाला. पण शब्दकोशात नसलेली भाषा तियाने दिली. एकदा एक पेशंट सारखी म्हणत होती, "नो पुएदो कोन मी आल्मा." मी फाइलमध्ये लिहिलं, खूप थकवा. शब्दकोश तेच सांगतो. तियाने वाचलं आणि मान हलवली. म्हणाली, थकवा आहेच, पण बाई म्हणतेय की तिचा आत्मा तिलाच उचलवत नाही. मी विचार केला, मराठीत मी काय म्हटलं असतं? जीव जड झालाय. त्या दिवसानंतर मी फाइलमध्ये माणसाचे शब्द जसेच्या तसे आधी लिहिते आणि निदान मागून.

आणि मग लक्षात यायला लागलं की यातलं फारसं काही मला परकं नव्हतंच. 'सुस्तो' म्हणजे काय, ते पुस्तकात पान-दीड पान समजावलेलं असतं. अचानक भीती बसते, माणूस खंगत जातो, झोप उडते. आपण एका शब्दात सांगतो, धसका घेतलाय. 'माल दे ओहो' म्हणजे दृष्ट. इथे अंडं घेऊन अंगावरून उतरवतात आणि पेल्यातल्या पाण्यात फोडतात, पिवळ्याच्या कडेने तार सुटली की दृष्ट होती असं समजायचं. आमच्याकडे मीठ-मोहऱ्या-मिरच्या चुलीत, आणि ठसका आला नाही तर दृष्ट होती. 'अताके दे नेर्बिओस' मात्र आपल्याकडे नेमका तसाच नाही. दुःखाच्या धक्क्याने अंग थरथरतं, छातीतून उष्णता वर चढते, माणूस ओरडतो, कोसळतो, आणि मग शांत होतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानग्रंथात तो १९९४ पासून नोंदवलेला आहे. पण इमर्जन्सीत रात्री दोन वाजता ती नोंद कोण उघडून बघतो? २०१३च्या आवृत्तीत तर सोळा प्रश्नांची एक मुलाखतच दिली आहे. तुमच्या त्रासाला तुमच्या घरात काय म्हणतात, तुमच्या मते तो कशामुळे झाला, आतापर्यंत कुणाकडे गेलात, असे प्रश्न. मला ते सोळा प्रश्न फार आवडतात. ते नीट विचारायला वेळ लागतो. आमच्या डॉक्टरांना एका पेशंटला पंधरा मिनिटं मिळतात.

बोलायचीच मुळात चोरी असते. 'ला रोपा सुसिया से लाबा एन कासा,' मळके कपडे घरातच धुवायचे, असं इथल्या आया शिकवतात. आपली झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून बाई आधी पाठ दुखतेय म्हणून येते, मग डोकं दुखतंय म्हणून येते, आणि तिसऱ्या खेपेला दाराच्या मुठीवर हात ठेवून, जाता जाता, खरं ते बोलते. त्या वेळी समोरच्याला ते कळलं तर कळलं. "नो एस्तोय लोका," मी काही वेडी नाही, हे प्रत्येक वाक्याच्या आधी येतं. त्याच्या उत्तरात काय म्हणायचं असतं, ते कुठल्याच अभ्यासक्रमाने मला शिकवलं नाही. तिया अशा वेळी फक्त म्हणते, "क्लारो के नो, मिहा," छे गं, मुळीच नाही, आणि खुर्ची जवळ ओढते.

आकडे मी सहसा सांगत नाही, पण दोन-तीन सांगायलाच हवेत. २०२०च्या जनगणनेत अमेरिकेत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांची, माणसं ६ कोटी २१ लाख होती, म्हणजे शंभरात जवळपास एकोणीस. आमच्या सॅन अँटोनिओत तर शंभरात साठाहून जास्त. आणि २०१५ साली मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या लोकांना विचारलं, तेव्हा स्पॅनिशमध्ये उपचार करू शकतो असं म्हणणारे निघाले साडेपाच टक्के. एका बाजूला सहा कोटी माणसं आणि दुसऱ्या बाजूला हे साडेपाच टक्के, यांच्या मधल्या जागेत त्या स्टुलावर बसलेली मुलगी आहे. मुलांना दुभाषी म्हणून वापरू नये, अगदी आणीबाणी सोडून, असा केंद्राचा नियम २०१६ पासून आहे. नियम चांगला आहे. पण दुपारी तीन वाजता लाइन लागत नाही तेव्हा नियमाच्या जागी बसायला कुणीतरी माणूस लागतं.

आणि त्या मुलीचं काय? १९९८ साली विल्यम वेगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या फ्रेस्नो परगण्यात तीन हजारांच्या आसपास मेक्सिकन वंशाच्या माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. मेक्सिकोतून आलेल्यांत आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झालेले सुमारे २५ टक्के, आणि अमेरिकेतच जन्मलेल्यांत सुमारे ४८ टक्के. म्हणजे वाळवंट तुडवत आलेल्या आईपेक्षा इथे जन्मलेल्या लेकीला धोका जास्त. कारणांवर अभ्यासकांचे वाद आहेत आणि मी काही संशोधक नाही. पण आठवड्यातून पाच दिवस मी त्या लेकी बघते. घरभाडं थकल्याची नोटीस त्या वाचतात, बँकेत त्या बोलतात, धाकट्या भावाच्या शाळेत पालकसभेला त्या जातात, आणि आईचं दुखणं आधी त्यांच्या कानात पडतं. मोठ्या माणसांच्या सगळ्या वाईट बातम्या त्यांच्या तोंडून जातात. एवढ्या लहान तोंडाला ती चव कुठपर्यंत पुरते, कुणास ठाऊक.

मग स्पॅनिश येणारी माणसं तयार का होत नाहीत? सभांमध्ये हा प्रश्न विचारला जातो तेव्हा मला तियाची खिडकी दिसते. माणसं आहेत. फक्त दाराच्या अलीकडे आहेत. टेक्ससमध्ये स्वतंत्रपणे उपचार करणारी क्लिनिकल सोशल वर्कर व्हायचं तर आधी पदवी, मग मास्टर्स, मग देखरेखीखाली ३,००० तास काम, तेही कमीत कमी २४ महिन्यांत पसरलेलं, आणि शेवटी परीक्षा. देखरेख करणाऱ्याची फी पुष्कळदा आपणच द्यायची. मास्टर्समधलं क्षेत्रकार्य बहुतेक ठिकाणी बिनपगारी. नवरा कमावता असेल तर हे जमतं. माझा होता. म्हणून मला जमलं, आणि हे मी सरळ सांगते, कारण माझ्या हुशारीपेक्षा त्या पगाराचा वाटा मोठा होता. परीक्षा इंग्रजीत. ती घेणाऱ्या संस्थेने २०२२ साली पहिल्यांदाच वंशानुसार निकाल जाहीर केले. क्लिनिकल परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात पास होणारे गोरे उमेदवार सुमारे ८४ टक्के, हिस्पॅनिक ६५. ज्या भाषेत पुढे आयुष्यभर काम करायचं, त्या भाषेतला एकही प्रश्न त्या परीक्षेत नसतो.

उलटंही एक आहे, जे बाहेरून दिसत नाही. इथे वाढलेल्या मुली स्पॅनिश घरी शिकतात, आजीकडून, स्वयंपाकघरात. शाळा, कॉलेज, मानसशास्त्र, सगळं इंग्रजीत. त्यामुळे दुःखाचे शब्द एका भाषेत आणि व्यवसायाचे दुसऱ्या भाषेत, अशी त्यांची फाळणी झालेली असते. पेशंटसमोर बसल्यावर त्या अडखळतात आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटते. आमच्या गावातलं अवर लेडी ऑफ द लेक विद्यापीठ स्पॅनिशभाषकांवर उपचार करण्याचं वेगळं प्रशिक्षण देतं. ऑस्टिनच्या हॉग फाउंडेशनने दोन भाषा येणाऱ्या सोशल वर्कच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. असं जिथे जिथे झालं, तिथून आलेल्या मुली मी ओळखते. त्यांच्या बोलण्यात आजीही असते आणि पुस्तकही.

तियाने २०१२ साली प्रोमोतोराचं प्रमाणपत्र घेतलं. प्रोमोतोरा म्हणजे वस्तीतलीच आरोग्य कार्यकर्ती, साधारण आपल्या आशाताईंसारखी. टेक्ससने त्यांच्यासाठी १९९९ सालीच कायदा केला, १६० तासांचं प्रशिक्षण ठरवलं. तियाच्या घरी भिंतीवर तशी सहा प्रमाणपत्रं आहेत, ग्वादालुपेच्या देवीच्या तसबिरीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन. पगार सहाही वेळा तेवढाच राहिला. मला दर महिन्याला दोन भाषा येतात म्हणून वेगळा भत्ता मिळतो, कारण माझ्या पदाच्या वर्णनात तसं लिहिलं आहे आणि मी त्याची तोंडी परीक्षा दिली. तिच्या पदाच्या वर्णनात तसं लिहिलेलं नाही. मी ज्यांच्याकडून ती भाषा शिकले त्यांना भत्ता नाही आणि मला आहे. हे मी वर दोनदा लेखी कळवलं. उत्तर नम्र होतं.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाला आम्ही दोघी गेलो होतो. उदासीवर साध्या कार्यकर्त्यांनी करायचा उपचार, सहा ते आठ बैठका, माणसाला त्याच्या रोजच्या जगण्यातल्या छोट्या छोट्या हालचालींकडे परत न्यायचं. पडद्यावर एक जुना फोटो आला. कौलारू छपराचं आरोग्य केंद्र, ओला व्हरांडा, बाकावर बसलेल्या बायका. मी तियाला कोपराने ढोसलं. म्हटलं, हे आमचं गोवं! विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात 'संगत' ही संस्था सुरू केली. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी केलेल्या उपचाराचा उपयोग होतो, हे त्यांनी रीतसर चाचण्या करून दाखवलं. ते निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे पटेल हार्वर्डला गेले, आणि तिथल्या त्यांच्या 'एम्पॉवर' या उपक्रमाचा हात २०२१च्या 'लोन स्टार डिप्रेशन चॅलेंज'मार्फत टेक्ससपर्यंत पोचला. पावसाने भिजलेल्या गोव्यातून निघालेली गोष्ट आमच्या या कोरड्या गावात आली, याचा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. आईला फोन करून सांगितलं.

तिया परतीच्या वाटेवर गप्प होती. मग म्हणाली, "चांगलं आहे. पण श्रीमंतांच्या वस्तीत हे शिकवणार आहेत का? तिथे डॉक्टर आणि इथे आम्ही, असं तर नाही ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. ज्यांच्याकडे कुणीच नव्हतं त्यांच्याकडे तिया असणं ही मोठी गोष्ट आहे, हे मला माहीत आहे. गरिबाला नेहमी अर्ध्या पगाराचा माणूस मिळतो, हेही माहीत आहे. मला वाटतं, चुकीची गोष्ट एकच आहे. तियाला इथपर्यंत आणून पुढचा जिना काढून घेणं.

२०२५ साली तर सगळंच आक्रसलं. जानेवारीत दवाखाने, शाळा, चर्च इथे इमिग्रेशनवाल्यांनी यायचं नाही, हा जुना आडोसा काढून टाकला. मार्चमध्ये इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा असल्याचा आदेश निघाला आणि इंग्रजी न येणाऱ्यांना सेवा कशी द्यायची याबद्दलचा २००० सालचा आदेश रद्द झाला. नागरी हक्कांचा १९६४चा कायदा आहे तिथेच आहे, दुभाष्याचा हक्कही आहे. पण पेशंट कायद्याची कलमं वाचून घराबाहेर पडत नाही. आमच्या बाहेरच्या खोलीत चोवीस खुर्च्या आहेत. फेब्रुवारीत एका सकाळी सात भरल्या होत्या. तिया एकेकाला फोन लावत होती. आवाज नेहमीचाच, पण फोन ठेवल्यावर प्रत्येक वेळी ती जपमाळेचा एक मणी पुढे सरकवायची. ड्रॉवरमध्ये, कागदांखाली.

त्या बाई मात्र येत राहिल्या. आता एकट्या येतात, मुलगी शाळेत असते. तीन नंबरच्या खोलीतला गारठा तक्रारी करूनही गेला नाही, म्हणून तियाने घरून एक लोकरीची शाल आणून खुर्चीच्या पाठीवर ठेवली आहे. पाचव्या की सहाव्या बैठकीत बाईंनी ती शाल मांडीवर घेतली, तिच्या गोंड्यांना पीळ देत बसल्या, आणि एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी डॉक्टरांनी काय विचारलं ते मला कळलं होतं." मी गप्प राहिले. "थोडं इंग्रजी कळतं मला. 'डेड' कळतं. माझी पोर काय करते ते बघत होते. तिने विचारलं, थंडी वाजते का. मग मी पण नाही म्हटलं. तिला वाटू दे, आईला कळलं नाही."

एसीचा आवाज येत राहिला. त्या दिवशी टोचला तोच झोत. मला आजीचा उसाचा रस आठवला, आणि हिंदी आजीला खरंच अजिबात कळत नव्हतं का, असं पहिल्यांदाच मनात आलं. रेडिओवर ती हिंदी कीर्तनं ऐकायची.

तियाने डिसेंबरात पदवी पुरी केली. रात्रीच्या वर्गांत, नऊ वर्षांत. आता मास्टर्ससाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरतेय. परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती तो घेऊन माझ्याकडे आली, इंग्रजी एकदा बघून दे म्हणून. डब्यात तिचा भात होता, माझ्या डब्यात थालीपीठ. आम्ही नेहमीसारखं अर्धं-अर्धं केलं. तिचं निवेदन मी दोनदा वाचलं आणि एक स्वल्पविराम सोडून काही बदललं नाही. मग तिने शेवटच्या पानावरच्या एका चौकटीवर बोट ठेवलं. मानसिक आरोग्य क्षेत्रातील अनुभव, वर्षांत. खाली बारीक अक्षरांत सूचना होती, की याच क्षेत्रातल्या पदावरचं, देखरेखीखालचं, पगारी काम तेवढंच धरायचं.

"मग काय लिहू?" तिने विचारलं. मी म्हटलं, थांब, त्यांना फोन करून विचारू, पत्र जोडू, एकोणीस वर्षांचं मी लिहून देते. ती म्हणाली, पत्र जोडू, पण चौकट मोकळी ठेवली तर अर्ज पुढे जात नाही. पेन्सिलीने तिने तिथे शून्य लिहिलं. खिडकीतला फोन वाजला. ती हात पुसत उठली, चष्मा डोक्यावर सरकवला, आणि माझ्याकडे पाठ करून, खुर्ची फोनजवळ ओढत म्हणाली, "बुएनास तार्देस... सी, मिहा, दिमे."

बोल, बाळा.